व्ही-८ गाडीचा क्रॉसओव्हर पाइप: एच घ्यावा की एक्स, कुठे लावावा आणि कसा बसवावा

ऑगस्टचा तिसरा शनिवार आला की डेट्रॉइटच्या उत्तरेला वुडवर्ड अव्हेन्यूच्या कडेला आम्ही खुर्च्या टाकून बसतो. १९९५ पासून इथे दरवर्षी जुन्या अमेरिकन गाड्यांची 'ड्रीम क्रूझ' भरते. पुण्या-नाशकाहून इथल्या गाड्यांच्या धंद्यात आलेली आमच्यासारखी बरीच मराठी मंडळीही त्या गर्दीत असतात. तिथे मी माझ्या मुलाला एक गोष्ट शिकवली. डोळे मिट आणि समोरून जाणाऱ्या गाडीच्या खाली धूर बाहेर नेणाऱ्या दोन नळ्या सुट्या आहेत, की मध्ये एच किंवा एक्स आकाराच्या पाइपने जोडल्या आहेत, ते आवाजावरून सांग. तासाभरात त्याला बऱ्यापैकी जमायला लागलं, इतका तो फरक ठळक असतो.

माझ्याकडे १९९० सालची फोर्डची मस्टँग जीटी आहे. इंजिन ३०२ घनइंचांचं व्ही-८, म्हणजे दोन ओळींत चार-चार सिलिंडर, कंपनीच्या आकड्यांप्रमाणे २२५ हॉर्सपॉवर. या गाडीखाली मी एच पाइपही वापरला आहे आणि एक्सही. त्या अनुभवावरून हे लिहितो आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू

'क्रॉसओव्हर' हा शब्द अमेरिकेत तीन वेगळ्या गोष्टींना वापरतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनांत इनटेक मॅनिफोल्डखालून (हवा-पेट्रोल आत नेणाऱ्या वाटेखालून) गरम वायू फिरवणारी वाट असते, तिला क्रॉसओव्हर म्हणतात. आडव्या बसवलेल्या व्ही-६ मध्ये पुढच्या ओळीचा धूर मागच्या ओळीकडे नेणारी नळी असते, तिलाही तेच नाव. आपला विषय तिसरा: ज्या गाडीत सिलिंडरच्या दोन ओळींच्या दोन स्वतंत्र नळ्या मागेपर्यंत जातात, तिथे त्या नळ्यांना मध्येच जोडणारा सांधा. दोन समांतर नळ्यांमध्ये आडवा तुकडा लावला की एच. दोन्ही नळ्या एकमेकींना भिडून, एकमेकींत उघडून पुन्हा वेगळ्या झाल्या की एक्स.

म्हणून पहिलं काम म्हणजे गाडीखाली वाकून पाहणं. मागे दोन टोकं दिसली म्हणजे नळ्याही दोन असतातच असं नाही. कित्येक गाड्यांत एकच नळी मागे येते आणि बंपरजवळ फुटून दोन होते. भारतात रोज दिसणाऱ्या चार सिलिंडरच्या गाड्यांत तर मुळात एकच नळी असते. तिथे हा सांधा लावायला जागाच नाही, आणि कोणी 'लावून देतो' म्हणालं तर पैसे देऊ नका.

आवाज येतो कुठून: दोन्ही हातांनी टेबलावर वाजवून बघा

व्ही-८ चे आठ सिलिंडर क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, एकेकदा पेटतात. दर ९० अंशांनी एक, घड्याळासारखं समान. माझ्या मस्टँगचा क्रम १-३-७-२-६-५-४-८ असा आहे. फोर्डच्या मोजणीत १ ते ४ उजव्या ओळीत आणि ५ ते ८ डाव्या. आता हाच क्रम ओळींनी वाचा: उजवी, उजवी, डावी, उजवी, डावी, डावी, उजवी, डावी.

हे खरंच टेबलावर वाजवून बघा. एका लयीत, दोन्ही हातांनी, थाप न चुकवता. दोन्ही हात मिळून ऐकलं तर सरळ आठ मात्रा. आता डावा हात टेबलाऐवजी मांडीवर, आवाज न करता वाजवा आणि फक्त उजव्याकडे कान द्या. दोन थापा लागोपाठ, मग थोडी जागा, एक थाप, मग मोठी जागा, पुन्हा एक थाप. अंशांत मोजलं तर ९०, १८०, २७०, १८०. ही लंगडी लय म्हणजेच अमेरिकन व्ही-८ ची गुरगुर. याचं मूळ क्रँकच्या आकारात आहे. त्याचे चार कोपरे, जिथे पिस्टनचे दांडे जोडलेले असतात, एकमेकांशी काटकोनात असतात, म्हणून त्याला क्रॉस-प्लेन म्हणतात. कॅडिलॅकने १९२३ मध्ये कंपनं कमी करण्यासाठी तो आणला. इंजिन शांत झालं, पण प्रत्येक ओळीच्या नळीतून धूर मात्र असमान टप्प्यांनी जायला लागला.

फेरारीच्या व्ही-८ मध्ये, किंवा फोर्डच्या २०१५ च्या मॉडेलपासून आलेल्या शेल्बी जीटी३५० च्या ५.२ लिटर इंजिनात, क्रँक सपाट असतो. तिथे दोन्ही ओळी आलटून पालटून पेटतात, प्रत्येक हाताची लय आधीच समान असते. म्हणून ती इंजिनं किंचाळतात, गुरगुरत नाहीत, आणि त्यांच्याखाली एच लावून माझ्या मस्टँगसारखा आवाज येत नाही.

आता सांध्याचं काम समजायला सोपं जाईल. दोन नळ्या पूर्ण सुट्या ठेवल्या तर डाव्या कानाला एक लंगडी लय ऐकू येते आणि उजव्याला दुसरी. आवाज रांगडा, फुटका, जुन्या मसल कारसारखा. एच पाइप लावला की दोन्ही हात एकमेकांना थोडं ऐकू लागतात. आडव्या नळीतून दाबाची लाट पलीकडे जाते, पण वायूचा मुख्य ओघ आपापल्या नळीतच राहतो. लंगडेपणा उरतो, त्याच्या कडा बोथट होतात, खर्ज भरदार होतो. एक्समध्ये वायूच एकमेकांत मिसळतो, दोन्ही हातांच्या आठही थापा दोन्ही नळ्यांत पोचतात आणि असमानता एकमेकींना बरीचशी रद्द करते. उरतो तो समान, उंच पट्टीचा, वर जाताना धार चढणारा आवाज. निम्म्या ऐकणाऱ्यांना तो शर्यतीच्या गाडीसारखा वाटेल, निम्म्यांना व्ही-८ ची ओळख हरवल्यासारखा.

ताकदीचं काय?

'इंजिनला थोडं बॅकप्रेशर (बाहेर जाणाऱ्या धुराला अडथळा) लागतंच' हे वाक्य गॅरेजमध्ये इतक्यांदा ऐकलं आहे की ते खोडून काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. इंजिनला अडथळा नको असतो. त्याला हवा असतो नळीतला वेग, आणि योग्य क्षणी एक्झॉस्ट व्हॉल्व्हशी परतणारी कमी दाबाची लाट, जी उरलेला धूर ओढून घेते. नळी गरजेपेक्षा जाड केली की वेग पडतो आणि खालच्या आरपीएमवरचा (मिनिटाला कमी फेऱ्यांवरचा) जोर जातो. त्यालाच लोक 'बॅकप्रेशर कमी झालं' म्हणतात.

सांध्याने दोन गोष्टी होतात. एक, ज्या ओळीत दोन सिलिंडर लागोपाठ पेटतात तिथे क्षणभर दाब तुंबतो. सांधा असला की त्या दाबाला दुसऱ्या बाजूचा मफलरही (आपण ज्याला सायलेन्सर म्हणतो तो) मोकळा मिळतो, म्हणजे प्रत्येक धक्क्याला एकाऐवजी दोन मफलर. दोन, एक्समध्ये एका बाजूचा वेगवान ओघ दुसऱ्या बाजूला थोडं ओढतो. म्हणून साधारण अनुभव असा, की एच मधल्या आरपीएममधला टॉर्क भरून काढतो आणि एक्स वरच्या टोकाला थोडा पुढे जातो.

'थोडा' हा शब्द जपून वाचा. सुट्या नळ्यांवरून कोणत्याही सांध्यावर आलात तर फरक कळतो. एचवरून एक्सवर गेलात तर माझ्या गाडीत डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) दिसलेला फरक इतका लहान होता, की त्याच दिवशी काहीही न बदलता घेतलेल्या दोन फेऱ्यांतही तेवढा फरक पडत होता. जवळजवळ मूळ अवस्थेतल्या इंजिनावर कोणी २०-३० हॉर्सपॉवरचं आश्वासन देत असेल तर त्याने सोबत हेडर (सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळ्या), मफलर किंवा ट्यूनही (इंजिनच्या कॉम्प्युटरची मांडणी) बदललेलं असतं. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: रस्त्यावरच्या गाडीसाठी सांधा कानाने निवडा. ६००० आरपीएमच्या आसपास ट्रॅकवर वेळ घालवणार असाल तरच एक्सचा विचार ताकदीसाठी करा.

पायरी १: आधीची नोंद

काम सुरू करण्याआधी मोबाइल एकाच जागी, मागच्या टोकापासून तीन मीटरवर, ४५ अंशांत ठेवून तीन ध्वनिमुद्रणं करा: गरम इंजिन आयडलला, २००० आरपीएमला स्थिर, आणि हळूहळू ४००० पर्यंत नेत. मग हायवेला गाडीत बसून कोणत्या आरपीएमला घुमतं ते कागदावर लिहा. कानाची आठवण दोन आठवड्यांत बदलते, मुद्रण बदलत नाही.

पायरी २: गळती शोधा

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगाची आहे. इंजिन थंड असताना मागच्या टोकाला व्हॅक्यूम क्लीनरची हवा फुंकणारी बाजू कापडाने घट्ट बसवा, दुसरं टोक बोळा घालून बंद करा, आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी फवारा. बुडबुडे आले तिथे गळती. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर पडतो त्या भागाच्या) गॅस्केटजवळची टिकटिक लोक व्हॉल्व्हचा आवाज समजतात. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, कॉम्प्युटरला मिश्रणात पेट्रोल कमी वाटतं आणि तो जास्त पेट्रोल सोडतो. अशा गाडीवर नवीन सांधा लावून फरक मोजण्यात अर्थ नाही.

पायरी ३: जागा ठरवा

सांध्याचा प्रकार जितका चर्चेत असतो तितकी जागा नसते, आणि माझ्या मते जागेला वजन जास्त आहे. नियम दोन. सांधा दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजन सेन्सरच्या मागे असला पाहिजे. माझ्या मस्टँगला प्रत्येक ओळीचा वेगळा सेन्सर आहे. धूर त्याच्याआधी मिसळला तर कुठल्या ओळीचं पेट्रोल कमी-जास्त करायचं ते कॉम्प्युटरला कळत नाही. रस्त्यावरच्या गाडीत धूर स्वच्छ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टरही सांध्याच्या आधीच राहू द्या. हा पहिला नियम. दुसरा असा की त्यानंतर जितकं पुढे, म्हणजे इंजिनाजवळ, जमेल तितकं चांगलं. मागच्या अॅक्सलजवळ लावलेला एच आवाज थोडा बदलतो, टॉर्कला फारसा हात लावत नाही.

कन्व्हर्टर नसलेल्या जुन्या गाडीत, शर्यतीच्या गाड्या बांधणारे मेकॅनिक एक युक्ती करत आले आहेत. हेडर जिथे एका नळीत येतात तिथपासून मागे दोन्ही नळ्यांवर स्वस्त स्प्रे रंगाचा लांब पट्टा मारायचा, गाडी जोरात चालवून आणायची, आणि रंग सर्वात जास्त जिथे जळला तिथे एच लावायचा. ही युक्ती अचूक विज्ञान नाही, पण अंदाज म्हणून चांगली आहे. प्रत्यक्षात गिअरबॉक्सखालची आडवी बीम, ड्राइव्हशाफ्ट आणि जमिनीपासूनचं अंतर मिळूनच बहुतेक वेळा जागा ठरवतात.

पायरी ४: माप आणि धातू

नळीचा व्यास सव्वादोन इंचांवरून अडीच इंच केला की आतली जागा साधारण २३ टक्क्यांनी वाढते. दिसायला पाव इंच, पण फरक मोठा. ४०० हॉर्सपॉवरपर्यंतच्या रस्त्यावरच्या व्ही-८ ला अडीच इंच पुरे. ३ इंच नळी घालून खालच्या आरपीएमला मंद आणि आत कर्कश झालेल्या कित्येक गाड्या पाहिल्या आहेत.

एचची आडवी नळी मुख्य नळीइतकीच जाड घ्या, फार तर एक माप कमी. एक इंचाची बारीक नळी लावलेली दिसते, तिचा उपयोग नावापुरता. आणि ती जितकी आखूड तितकी चांगली. एक्स घ्यायचा तर तयार, साच्यात घडवलेला घ्या. दोन वाकवलेल्या नळ्या कापून घरी एक्स करता येतो, पण मधली खिडकी लहान राहिली तर ते नुसत्या चिकटलेल्या दोन नळ्या होतात, आणि जास्त कापलं तर मध्येच गळा आवळला जातो.

मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून धातूवर इथे जास्त बोललं जातं. अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेलं पोलाद स्वस्त, पण वेल्डजवळ मुलामा जळतो आणि तिथूनच गंज लागतो. ४०९ स्टेनलेसवर तपकिरी थर येतो, पण ते वर्षानुवर्षं टिकतं. ३०४ महाग आणि सगळ्यात टिकाऊ. कोकणात किंवा गोव्यात खारी हवा खाणाऱ्या गाडीलाही मी ३०४ च सुचवीन. झिंकचा मुलामा दिलेली पाण्याची नळी चुकूनही वापरू नका. वेल्ड करताना आणि तापताना तिचा धूर विषारी असतो.

पायरी ५: बसवणं

आदल्या रात्री सगळ्या नट-बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. गाडी सपाट काँक्रीटवर चार स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. वेल्डिंगआधी बॅटरीची ऋण तार काढा.

एक चूक मी स्वतः केली आहे, ती सांगतो. बॉडीला आधार देऊन गाडी उचलली की मागचा अॅक्सल खाली लोंबतो. मी तशा अवस्थेत मागच्या नळ्या बसवल्या. गाडी चाकांवर आली तेव्हा अॅक्सल वर गेला आणि पहिल्याच खड्ड्यात नळी अॅक्सलवर आपटली. मागची मापं घेताना वजन चाकांवरच असलं पाहिजे. म्हणून आता मी शेवटची मापं गाडी रॅम्पवर उभी करून घेतो.

सांधा जागेवर धरून आधी सगळं ढिलं जुळवा. मागच्या मफलरपर्यंत सगळं सरळ बसतं आहे याची खात्री झाली की मगच खुणा करा आणि कापा. कापल्यावर आतली बारीक कड कानसने साफ करा. मग प्रत्येक जोडाला तीन-चार ठिकाणी फक्त टाके मारा, पूर्ण वेल्ड नाही. टाके मारल्यावर सांध्याभोवती बोटं फिरवून बघा: फ्लोअर, गिअरबॉक्स, ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या यांच्यापासून निदान एक इंच मोकळं हवं. जोरात पाय दिला की इंजिन रबरी माउंटवर एका बाजूला झुकतं आणि नळ्या सोबत जातात, हे अंतर त्यासाठी. तापल्यावर नळी लांबते, तीही जागा सोडा.

पूर्ण वेल्ड करताना ३०४ ला ३०८एल तार, आणि स्टेनलेसला साधं पोलाद जोडताना ३०९एल. टिग वेल्डिंग करणार असाल तर नळीच्या आतही आर्गॉन सोडा, नाहीतर आतल्या बाजूला साखरेसारखे खडबडीत खडे येतात आणि तिथेच पुढे चीर जाते. वेल्डिंग येत नसेल तर नळ्या नेमक्या मापाच्या घेऊन पट्ट्याचे बँड क्लॅम्प वापरा. ते पुन्हा उघडता येतात, यू आकाराचे क्लॅम्प नळी चेपतात.

इंजिन चालू करताना गाडी बाहेर काढा. थंडीत गॅरेजचं दार अर्धं उघडं ठेवून चालवणारे लोक मी पाहिले आहेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पायरी ६: घुमणं काढणं

नवीन सांध्यानंतर बहुतेकांची तक्रार ताकदीची नसते, हायवेवर डोकं धरण्याची असते. माझी गाडी पाचव्या गिअरमध्ये ताशी ७० मैलांना साधारण १९०० आरपीएमवर फिरते. व्ही-८ दर फेरीला चार वेळा पेटतं, म्हणून १९०० गुणिले ४ भागिले ६०, म्हणजे सुमारे १२७ हर्ट्झ. नेमका हाच सूर केबिनमध्ये घुमतो.

यावर उपाय म्हणजे मफलरजवळ प्रत्येक नळीला एक बंद टोकाची बाजूची नळी. तिची लांबी त्या आवाजाच्या लाटेच्या पाव भागाइतकी ठेवली की परत येणारी लाट त्या सुराला मारते. वायूचं तापमान ३०० अंश सेल्सिअस धरलं तर आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ४७५ मीटर. ४७५ भागिले (४ गुणिले १२७) म्हणजे सुमारे ९४ सेंटिमीटर. पण बंद नळीतला वायू मुख्य ओघापेक्षा थंड असतो, वेग कमी, म्हणून खरी लांबी कमी निघते. ९४ वर सुरुवात करा, टोक क्लॅम्पच्या टोपीने बंद करा, आणि गाडी चालवून दर वेळी २-३ सेंटिमीटर कापत या. घुमणं ज्या लांबीला बसेल तिथे टोक वेल्ड करा. ही नळी बाकीच्या आवाजाला धक्का लावत नाही, म्हणून मफलर बदलण्याआधी हे करून बघा.

कायद्याचं

अमेरिकेत रस्त्यावरच्या गाडीचा कन्व्हर्टर काढणं केंद्रीय कायद्याने मना आहे. मिशिगनमध्ये धुराची तपासणी होत नाही, तरी तो काढायला मोकळीक मिळत नाही. कॅलिफोर्नियातल्या मंडळींनी ९५ डेसिबलची मर्यादा लक्षात ठेवावी. भारतात मस्टँग जीटी २०१६ पासून विकली गेली, आणि पुण्या-मुंबईत अशा गाड्या आहेत. तिथे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनाने बदल करू देत नाही, १८२ए खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि आवाज-धुराची मर्यादा ओलांडली तर १९०(२) खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत. कायद्याची बाजू तपासल्याशिवाय पाना हातात घेऊ नका. आणि पहाटे गाडी काढताना शेजाऱ्याच्या घरात तान्हं मूल असू शकतं, हे कायद्यात नसलं तरी मला तितकंच महत्त्वाचं वाटतं.

पायरी ७: शंभर मैलांनंतर

तीन-चार वेळा गाडी पूर्ण तापून थंड झाली की सगळे क्लॅम्प आणि फ्लँजचे बोल्ट पुन्हा आवळा, पहिल्यांदा ते हमखास ढिले निघतात. साबणाच्या पाण्याची परीक्षा पुन्हा घ्या. फ्लोअरवर किंवा बीमवर चकाकलेला, घासलेला ठिपका दिसतो का बघा. मग पहिल्या पायरीतली तीन ध्वनिमुद्रणं त्याच जागेवरून पुन्हा करा आणि दोन्ही हेडफोन लावून एकामागून एक ऐका. माझ्या गाडीखाली दोन वर्षं एच होता, एक उन्हाळा एक्स लावला, आणि ही मुद्रणं शेजारी ठेवून ऐकल्यावर मी पुन्हा एच बसवला. तो अजून तिथेच आहे.